ओव्याचं फूल, करडईचं फूल

आमच्या भिवंडीच्या घरात देवघराशेजारच्या फळीवर एक ठेंगणी निळी बाटली असायची. पोटात कळ आली, मळमळलं, की आजी त्यातले दोन थेंब साखरेवर टाकून द्यायची. बाटली संपत आली की मंडईतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून तीन पुड्या यायच्या: कापूर, पेपरमिंट आणि ओव्याचं फूल. ओव्याचं फूल हे फूल नव्हेच. ओव्याच्या तेलातून निघणारे ते पांढरे स्फटिक. रसायनशास्त्रात त्यांना थायमॉल म्हणतात. तिन्ही वस्तू कोरड्या. आजी त्या सारख्या मापानं बाटलीत टाकायची, बूच घट्ट लावायची आणि बाटली माझ्या हातात देऊन म्हणायची, "हलवत बस गं."

मी हलवत बसे. आधी खड्यांच्या कडा ओलसर दिसू लागायच्या. मग खडे काचेला चिकटायचे, बुडाशी एक चमकता थेंब जमायचा, आणि घटकाभरात बाटलीत सगळं पाण्यासारखं पातळ. पाण्याचा एक टिपूसही कुणी घातलेला नसे, आणि बाटली चुलीच्या जवळपासही गेलेली नसे.

पेपरमिंटचे खडे, म्हणजे मेन्थॉल, एकटे वितळवायचे तर सुमारे ४२ अंश सेल्सिअस लागतात. थायमॉलला पन्नासच्या आसपास. कापराला तर १७५ च्या वर. पण तिघं एका बाटलीत आले की घरातल्या साध्या हवेत विरघळून एक होतात. ही अमृतधारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरच्या एका औषधशाळेनं ती या नावानं विकायला काढली आणि ती देशभर घराघरांत गेली. नावाचा दबदबा इतका, की 'लक्ष्मणधारा' नावाच्या दुसऱ्या औषधाशी झालेला तिचा झगडा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि व्यापारचिन्हाचा कायदा शिकणारी मुलं आजही तो खटला वाचतात. ओव्याच्या फुलाचा इतिहास याहून जुना. एकोणिसाव्या शतकात उज्जैनकडे ते तयार होऊन बाजारात येत असे. पुढे आपला ओवा पोत्यांनी जर्मनीला जाऊ लागला आणि थायमॉल तिकडे बनू लागलं. १९१४ साली महायुद्ध पेटलं, ती वाट बंद झाली आणि इंग्रजांना जंतुनाशक म्हणून, आकडीकृमीवरचं औषध म्हणून थायमॉल मिळेना. तेव्हा कुठे हे स्फटिक हिंदुस्थानातच मोठ्या प्रमाणावर काढायला हवेत, हे सरकारला सुचलं.

शंभर-सव्वाशे वर्षं ही बाटली घरात होती. तिच्यात जे घडतं त्याच्या आधारानं वनस्पतींतून रंग, औषध, सुवास काढण्याची एक नवी रीत उभी राहील, असं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. ती रीत गेल्या वीस-बावीस वर्षांतली. पण तिची गोष्ट नीट सांगायची तर रंगाऱ्याच्या घंगाळापासून सुरुवात करावी लागते, कारण भिवंडी कापडाचं गाव आहे.

वनस्पतीतून काही काढायचं म्हटलं की कोणता तरी द्रव हवा. पाणी हे सगळ्यांत जुनं द्रावक. आमच्या खाडीकाठचे कोळी सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. सालीतलं टॅनिन सुतात मुरलं की जाळं खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसे. वैद्यांनी तर पाण्याच्या वापराची व्यवस्थाच लावली होती: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट. उकळायचं किती, रात्रभर नुसतं भिजवायचं कधी, गरम पाणी ओतून गाळायचं कधी, हे सगळं ठरलेलं. जिथे पाणी पुरत नाही तिथे तेल, तूप, आसव. कशात काय उतरतं याचं हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी जमवलेलं आहे आणि त्याला मी फार मानते. पण मला सगळ्यांत भारी वाटते ती कुसुंब्याची रंगाई.

कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलाचा तांबडा रंग. सोलापूर-मराठवाड्याकडची, तेलासाठी लावलेली काटेरी करडई आपल्याला ठाऊक असते. तिच्या केशरी पाकळ्या कित्येकदा केशरात भेसळ म्हणूनच पाहिलेल्या असतात. एकेकाळी तेलापेक्षा या पाकळ्यांचाच मान मोठा होता. पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर आणि पाण्यात चटकन उतरणारा. तांबडा, म्हणजे कार्थामिन, अगदी थोडा, आणि साध्या पाण्याला दाद न देणारा. रंगाऱ्याला हवा असे तो तांबडा. म्हणून तो पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात पुन्हा पुन्हा तुडवायचा, पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत. मग त्याच पाकळ्या खाराच्या पाण्यात, सज्जीखारात किंवा पापडखारात मळायचा. खार लागला की इतका वेळ गप्प बसलेला तांबडा रंग पाण्यात उतरतो. त्या पाण्यात कापड बुडवायचं आणि वरून लिंबाचा नाहीतर चिंचेचा आंबट रस सोडायचा. आंबट पडताक्षणी मळकट पाण्याचा रंग पालटतो, कार्थामिनला पाण्यात राहवत नाही आणि ते सुतावर जाऊन बसतं. तुरटी नको, लोहकीट नको. खारानं सोडवलं, आंबटानं बसवलं.

मी रसायनशास्त्र शिकले ते पुस्तकातून. पण द्रावकाला दोन कामं असतात, हे मला या कृतीनं शिकवलं. एक काम धरण्याचं. झाडाच्या पेशीत शिरून हवं ते उचलायचं. दुसरं काम सोडण्याचं. उचललेलं योग्य जागी, योग्य वेळी, हातचं न राखता देऊन टाकायचं. पहिल्या कामाचं कौतुक सगळे करतात. इतिहास मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कामापाशी अडला आहे.

कुसुंब्याचा रंग कच्चा. उन्हानं उडतो, साबणानं जातो. तरी लग्नकार्यातल्या पागोट्यांना, ओढण्यांना तो लागे. हिंदुस्थानातून करडईची फुलं इंग्लंडला जात आणि तिथे सरकारी कागदांचे गठ्ठे बांधायच्या फितीला हाच रंग देत. 'लालफीत' हा शब्द आपण रोज वापरतो, त्या फितीचा तांबडेपणा करडईच्या फुलातून आलेला होता. मग १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरापासून निघालेल्या ॲनिलीनमधून जांभळा रंग गवसला. तीन वर्षांत मॅजेंटा आला. १८८४ मध्ये काँगो रेड निघाला, जो सुती कापडावर नुसता उकळला तरी चढतो. आंबटखारटाच्या त्या नाजूक खेळाची गरजच संपली. आल, मंजिष्ठ, नीळ, कुसुंबा असे एकामागून एक पडत गेले. ही पडझड आपल्या इतिहासात बरीच लिहिली गेली आहे, विशेषतः निळीची. तिच्याच शेजारी त्याच दशकात घडलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

पर्किनच्या शोधाच्याच सुमारास फ्रान्समध्ये मार्सेयच्या डाइस नावाच्या माणसानं घाण्यातून निघालेल्या पेंडीतलं उरलंसुरलं तेल कार्बन डायसल्फाइडनं काढायचं पेटंट घेतलं. तेल काढायला दाब हवा, ही हजारो वर्षांची समजूत तिथे मोडली. द्रावक ओतलं, तेल त्यात उतरलं, द्रावक तापवून उडवून दिलं, तेल खाली राहिलं. १८७९ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी दुधातली स्निग्धता मोजायला काचेचं एक उपकरण बनवलं, त्यात द्रावक उकळतं, वर जाऊन थंड होतं, पदार्थावर ठिबकतं आणि नळी भरली की आपोआप खाली उतरतं, पुन्हा पुन्हा. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुपारभर तो सॉक्सलेट चालू असे. पाण्याचा पाइप, कापडी वाती, पेट्रोलियम ईथरचा गोड, डोकं जड करणारा वास. एकदा थंड पाण्याचा पाइप निसटला आणि अर्ध्या तासात फ्लास्क कोरडा पडला. वाफ कुठे गेली? आम्ही वीस मुलींनी ती श्वासात घेतली होती. कुणाला काही झालं नाही, पण खिडक्या उघडताना बाईंचे हात थरथरत होते ते मला आठवतं.

कार्बन डायसल्फाइडच्या जागी बेन्झिन आलं, मग पेट्रोलमधून निघणारं हेक्झेन. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं. तेल धरतं आणि थोड्याशा उष्णतेनं ते सोडून निघून जातं. सोडण्याचं काम त्याच्याइतकं सोपं कुणालाच जमलं नाही, म्हणून जगभरचा खाद्यतेलाचा धंदा त्याच्यावर उभा राहिला. आपल्याकडच्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनवाल्यांची संघटना १९६३ साली मुंबईतच स्थापन झाली. पण जे सहज उडून जातं ते सहज पेटतंही, आणि सहज छातीतही जातं. १९६० च्या दशकात जपानमध्ये घराघरांत बसून चपलांना गोंद लावणाऱ्या कामगारांच्या हातापायांतली शक्ती जाऊ लागली. त्या गोंदात हेक्झेन होतं. शरीरात गेलेल्या हेक्झेनपासून तयार होणारं रसायन मज्जातंतूंना इजा करतं, हे पुढे सिद्ध झालं.

इथे मुंबईची एक आठवण सांगावीशी वाटते. १८९६ साली चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं, हे मराठी माणसाला माहीत असतं. ते डांबर दगडाच्या आत मुरलं होतं आणि भल्याभल्यांना निघेना. ते काढलं त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. हे गज्जर रंगशास्त्राचे जाणकार. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं १८९० मध्ये बडोद्याला सुरू झालेल्या कलाभवनात त्यांनी रंगाईचं आधुनिक शिक्षण दिलं, आणि पुढे मुंबईत रसायनाची खासगी प्रयोगशाळा चालवली. चाफेकरांचं नाव राहिलं, राणीचंही राहिलं. सच्छिद्र दगडाला धक्का न लावता डाग सोडवणाऱ्या माणसाचं नाव मात्र विसरलं गेलं. सोडवणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा हेच येतं.

आता भिवंडीकडे येते. १८५७ च्या धामधुमीनंतर आजच्या उत्तर प्रदेशातून विणकर कुटुंबं इथे येऊन वसली आणि कामवारी नदीकाठच्या या गावात हातमागाची खटखट सुरू झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात वीज आली, यंत्रमाग आले, आणि पुढे या गावाची ओळखच यंत्रमाग झाली. मागाबरोबर साइझिंग आलं, डाइंग आलं. कामवारीच्या पाण्याला मी कधी निळसर, कधी तपकिरी झाक पाहिली आहे. आजीच्या लहानपणी तिथे कपडे धुवायला जात, हे सांगितलं तर आजची मुलं विश्वास ठेवत नाहीत. पुढे गोदामांचा काळ आला. मुंबईची जकात टाळता येईल इतकं लांब आणि माल तासाभरात पोचवता येईल इतकं जवळ, म्हणून तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत शेतांवर गोदामं उभी राहिली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं वाढतच राहिली. त्यांतल्या कित्येकांत पिंपांनी रसायनं असतात. रात्री आकाश लाल झालं की आमच्याकडे लोक आधी विचारतात, "कापडाचं की केमिकलचं?" कापडाची आग विझवता येते. द्रावकांच्या पिंपांना लागलेली आग रात्रभर जळते, पिंपं फुटतात, आणि सकाळी शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना खोकल्यानं बोलवत नाही.

म्हणून द्रावकाचा इतिहास मला पुस्तकातला वाटत नाही.

कापड आणि रसायन यांची सांगड घालणारी शाळा मुंबईत १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाली: मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, लोकांच्या तोंडी यूडीसीटी, आजची माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था. पहिल्या अभ्यासक्रमांत एक होता वस्त्ररसायनाचा. गिरण्यांच्या शहरात दुसरं काय असणार? रंगशास्त्राचे मोठे अभ्यासक के. वेंकटरामन १९३८ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले. याच संस्थेत प्रा. एम. एम. शर्मा आणि त्यांचे विद्यार्थी विलास गायकर यांनी १९८० च्या दशकात हायड्रोट्रॉप्सचा अभ्यास हाती घेतला. हायड्रोट्रोपी हा शब्द कार्ल न्यूबर्ग यांचा, १९१६ सालचा. काही विशिष्ट क्षार पाण्यात भरपूर विरघळवले, की एरवी पाण्यात न उतरणारे पदार्थही त्या पाण्यात उतरतात, एवढाच त्याचा अर्थ. गायकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे पाणी काळ्या मिरीवर वापरलं. २००२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात मिरीच्या पेशींच्या भिंती सैल होतात, तिखटपणाचा जो प्राण, ते पायपरीन, क्षाराच्या पाण्यात उतरतं. आणि नंतर नुसतं साधं पाणी वाढवलं की ते तळाशी बसतं. पुढच्याच वर्षी हळदीतल्या कर्क्युमिनावरही हाच प्रयोग झाला.

ही बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली नाही. पण तिच्यात मला कुसुंब्याचा रंगारी दिसतो. खार वाढवला, उतरलं. पातळ केलं, बसलं. उडून जाणारं काही नाही, पेटणारं काही नाही. हळदीच्या बाबतीत तर हे लक्षात ठेवायला हवं. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते लढवलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. हळद आपली, हे आपण जगाकडून कबूल करून घेतलं. पण कारखान्यात त्याच हळदीतून कर्क्युमिन काढताना ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, हेक्झेन यांसारखी द्रावकं वापरली जातात, आणि ती आपल्याच गोदामांतून येतात, हा प्रश्न त्या लढाईत नव्हता.

तिकडे इंग्लंडमध्ये २००३ साली लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन पांढऱ्या पुडी एकत्र केल्या. एक कोलीन क्लोराइड, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात ते. दुसरा युरिया, आपल्या शेतात पडतो तोच. कोलीन क्लोराइड ३०२ अंशांवर वितळतं, युरिया १३३ वर. कोलीनच्या एका रेणूला युरियाचे दोन, म्हणजे साधारण १४० ग्रॅमला १२० ग्रॅम, असं प्रमाण जमलं, की मिश्रण १२ अंशांपर्यंत द्रव राहतं. खोलीत ठेवलं तर एरंडेलासारखं दाट, पारदर्शक. पुढच्या वर्षी त्यांनी अशा द्रवांना डीप युटेक्टिक सॉल्व्हंट्स हे नाव दिलं. युटेक्टिक हा शब्द त्यांचा नव्हता. तो फ्रेडरिक गथ्री यांनी १८८४ मध्ये ग्रीकमधून घडवला, अर्थ 'सहज वितळणारं'. शिसं ३२७ अंशांवर आणि कथील २३२ वर वितळत असताना दोघांच्या मिश्रणाचा डाग १८३ वरच भांड्याला बसतो, हे आमच्याकडचे भांड्यांना डाग देणारे हातानं जाणत होते. 'डीप' एवढ्यासाठी, की वितळणबिंदू हिशेबानं जितका उतरायला हवा त्याहूनही खोल उतरतो. दोन पदार्थांचे रेणू हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकांचे हात धरतात आणि स्वतःच्या स्फटिकात परत जायचं विसरतात.

२०११ मध्ये हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात यंग हे चोई, रॉब फरपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून धाडसी गोष्ट मांडली. वनस्पतीच्या पेशीत साखर, मॅलिक आम्ल, कोलीन, प्रोलीन हे सगळं विपुल असतं. पाण्यात न उतरणारे आणि तेलातही न उतरणारे कितीतरी रेणू पेशीत सुखानं राहतात, ते कशात? पेशीत पाणी आणि तेल यांच्याखेरीज हा तिसरा द्रव असेल काय? ही कल्पना अजून कल्पनाच आहे, पण तिच्यातून कामाची वाट निघाली. साखर आणि कोलीन, लॅक्टिक आम्ल आणि ग्लुकोज, प्रोलीन आणि मॅलिक आम्ल अशा जोड्या जुळवून त्यांनी द्रावकं बनवली आणि ती तपासायला फूल निवडलं ते करडईचं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. सगळ्या जगातली फुलं पडलेली असताना, करडई! २०१३ च्या त्या कामात साखरेच्या या द्रवांनी पाकळीतले पाण्याला जवळचे आणि पाण्यापासून दूरचे, दोन्ही जातींचे रंगरेणू नेहमीच्या द्रावकांहून चांगले उचलले. आणि मुख्य रेणूंपैकी ७५ ते ९७ टक्के परत सोडवूनही घेता आले. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की करडईचे रंग या साखरी द्रवांत पाण्यापेक्षा आणि पातळ अल्कोहोलपेक्षा जास्त टिकतात. ज्या कच्चेपणानं कुसुंबा हरला, त्याच कच्चेपणावर साखरेनं थोडी मात केली होती. पाकळ्या गोळा करायच्या तर काटे आड येतात. पण फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेनं काटे नसलेली 'नारी-६' करडई आपल्या शेतकऱ्याला आधीच दिली आहे.

आजीच्या मोरावळ्यात आणि गुलकंदातही साखरच धरून ठेवते ना, असं कुणी विचारेल. गुलकंदातलं पाणी गुलाबाच्या पाकळ्यांचंच असतं, साखर ते ओढून घेते. तिथलं शास्त्र वेगळं. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणायची मला गरज वाटत नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते पुरेसं मोठं आहे. आणि निळ्या बाटलीपुरतं तर तसं म्हणावंही लागत नाही: २०१९ मध्ये पोर्तुगालच्या आवेइरो विद्यापीठातल्या जोआओ कुटिन्यो यांच्या गटानं थायमॉल आणि मेन्थॉल यांचं मिश्रण काटेकोर मोजून पाहिलं आणि ते खऱ्या अर्थानं 'डीप' युटेक्टिक ठरलं. क्षाराशिवाय बनणाऱ्या एका नव्याच वर्गाचा तो नमुना झाला. ओव्याचं फूल आणि पेपरमिंट.

माटुंग्यात वर्तुळ पुरं झालं. रसायन तंत्रज्ञान संस्थेतले प्रा. वीरेंद्र राठोड आणि त्यांचे विद्यार्थी हळदीतून कर्क्युमिन काढण्याच्या रीतींवर बरीच वर्षं काम करत आले आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्याला आंबटपणा देणारं तेच आम्ल, सारख्या प्रमाणात घेतलं. हा द्रव दाट असल्यामुळे त्यात थोडं पाणी घातलं, हळदीची पूड टाकली आणि वरून ध्वनिलहरी सोडल्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. त्या लहरींनी द्रवात बारीक बुडबुडे उठतात आणि फुटतात, हळदीचे कण आतून उघडतात. वीस मिनिटांत काम होतं. मग? मग पाणी वाढवायचं. कर्क्युमिन तळाशी येतं.

आता मनातली शंकाही सांगायला हवी, कारण हा विषय मला प्रिय आहे आणि प्रिय गोष्टीचं खोटं कौतुक करू नये. हे द्रव उडत नाहीत, म्हणून पेटत नाहीत, छातीत जात नाहीत. पण उडत नाहीत म्हणूनच सोडायलाही सहजी तयार होत नाहीत. हेक्झेन तापवलं की निघून जातं. हे दाट साखरी द्रव पदार्थाला चिकटून राहतात. पाणी घालून सोडवलं तर ते सगळं पाणी पुन्हा आटवायला इंधन लागतं, आणि न आटवता नाल्यात सोडलं तर आम्ल आणि साखर खाऊन जिवाणू कामवारीतला उरलासुरला प्राणवायूही संपवतील. कोलीन क्लोराइड स्वतः बहुतेक पेट्रोरसायनांपासूनच बनतं. प्रयोगशाळेतली शंभर मिलिलीटरची यशस्वी बाटली आणि रोज टनावारी हळद पचवणारा कारखाना यांच्यामध्ये अजून मोठं अंतर आहे. म्हणून काही ठिकाणी सोडवण्याचा हट्टच सोडून देतात. द्रावक खाण्यालावण्याजोगं असेल तर अर्क त्याच्यासकटच मलमात, क्रीममध्ये घालतात. आजीची साखर आणि त्यावरचे दोन थेंब असंच होतं.

गेल्या माघात मी मंडईतल्या त्याच रस्त्यावरच्या दुकानातून पावशेर करडईच्या पाकळ्या आणल्या. शेजारच्या माग चालवणाऱ्या काकांनी सुती कोऱ्या ताग्यातला हातभर तुकडा कापून दिला आणि बजावलं, "आधी उकळून कांजी काढा बरं का, नाहीतर रंग धरणार नाही." पहिल्या दिवशी मी खाराचं पाणी गरम केलं, आणि रंग तपकिरी होऊन बसला. कार्थामिनला उष्णता सोसत नाही, हे वाचलं होतं, तरी हातानं चुकले. दुसऱ्या दिवशी गार पाण्यात पाकळ्या फडक्यात बांधून मळल्या. पिवळं पाणी, पुन्हा पिवळं, सातव्या पाण्याला कुठे ते फिकटलं. ते सगळं मी तगरीच्या बुडाशी ओतलं. मग चमचाभर धुण्याचा सोडा गार पाण्यात. फडकं पिळलं तेव्हा बोटांतून गढूळ, विटकरी पाणी उतरू लागलं. त्यात कापड बुडवलं आणि लिंबू पिळलं. सोड्याला फेस आला, दोन लिंबं लागली, तिसऱ्या लिंबाच्या अर्ध्या फोडीला पाण्याचा मळकटपणा एकाएकी गेला आणि सगळं पातेलं गुलाबी झालं.

मी ढवळलं नाही. तासाभरानं झाकण काढलं तर कापड डाळिंबाच्या दाण्यासारखं झालं होतं, आणि पातेल्यातलं पाणी इतकं फिकटलं होतं की त्यातून बुडाची कल्हई दिसत होती.